मिस्टर कू यांची चारशे सतरा पत्रं

१

शुक्रवारी सकाळी साडेअकराला एकनाथराव बिरादार माझ्या दारात आले आणि चप्पल न काढता आत येऊन म्हणाले, "उत्तमराव, तुमच्या पुतण्यानं माझ्या पोरीचं पत्र चोरलं."

हैदराबादला तारनाक्याला आमची दोघांची घरं एकाच गल्लीत. बावीस वर्षांचा शेजार. एवढ्या वर्षांत हा माणूस चप्पल घालून माझ्या घरात कधी आला नव्हता, त्यामुळे मी आधी त्यांच्या चपलांकडेच पाहत राहिलो.

पत्र म्हणजे कागदाचं नव्हे. सन दोन हजार सुरू होतं आणि आमच्या शहरात पत्र या शब्दाचा अर्थ घाईघाईनं बदलत होता. एकनाथरावांची चारुलता एमसीए झालेली. बंगळूरच्या एका कंपनीची परीक्षा आणि मुलाखत तिनं दिली होती आणि उत्तर ई-मेलनं येणार होतं. तिच्याबरोबर परीक्षा दिलेल्या वंदनाला ते गुरुवारी आलं. त्यात लिहिलं होतं की नोकरी मंजूर असल्याचं शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत ई-मेलनंच कळवा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. चारुलतेचीही निवड झाल्याचं वंदनाला मुलाखतीच्या दिवशीच कानावर आलं होतं. फक्त तिचं पत्र कुठं दिसत नव्हतं.

पोरगी आठवडाभर तापानं पडून होती. त्या शुक्रवारी सकाळी ती पहिल्यांदा उठली आणि दिलसुखनगरला विकीच्या इंटरनेट कॅफेत गेली. विकी माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. तिची ई-मेलची पेटी त्यानंच उघडून दिली होती. पाहतात तर पेटीत चारशे सतरा पत्रं, सगळी फालतू, आणि वर लाल अक्षरांत सूचना की पेटी भरली आहे. विकीनं एका फटक्यात सगळी पुसून टाकली. त्यानंतर पेटीत काहीच उरलं नाही.

"म्हणे जागा करायलो होतो," एकनाथराव म्हणाले. "पत्र आलेलं होतं उत्तमराव. निवड झाल्याचं पत्र आलेलं होतं, मला पक्कं माहीत आहे. त्या पेटीची किल्ली, तो काय म्हणतात तो पासवर्ड, तिघांकडं आहे. एक चारू. ती स्वतःचं पत्र फाडणार आहे का? दुसरा कुलदीप, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. राहिला तुमच्यातला..."

तिथं ते थांबले. वाक्य त्यांनी गिळलं, पण मला ते पूर्ण ऐकू आलं. माझा बाप नांदेडहून या शहरात आला तेव्हा त्याच्याजवळ एक पेटी आणि बाबासाहेबांचा फोटो होता. रेल्वेचे डबे धुऊन त्यानं आम्हा भावांना शिकवलं. आमच्या घरात चोरी हा शब्द पेपरातूनच येतो. मला राग आला आणि तो मी लपवला नाही.

"आत या आणि बसून बोला," मी म्हणालो. "नाहीतर तसेच मागं फिरा."

तेवढ्यात माझी बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "भाऊजी, चप्पल काढा," ती शांतपणे म्हणाली. "पत्र गेलं म्हणता ना? मग ते माझ्या खात्याचं काम आहे."

२

इथं तिची ओळख करून द्यायला हवी, आणि ती मी अभिमानानं करून देतो. कुणाला बढाई वाटली तर वाटो.

केसरबाई सोनकांबळे यांनी तेहतीस वर्षं परक्या माणसांची पत्रं उघडून वाचली आणि सरकारनं त्याबद्दल त्यांना पगार दिला. टपाल खात्यात परत आलेल्या पत्रांचं एक ऑफिस असतं. ज्याचा मालक सापडत नाही आणि पाठवणाराही कळत नाही, असं पत्र तिथं येतं. ते उघडायचं, वाचायचं आणि कुणाचं आहे ते आतल्या मजकुरावरून हुडकायचं, हे तिचं काम. आमचे नातेवाईक त्याला मेलेल्या पत्रांचं ऑफिस म्हणत आणि लग्नकार्यात तिला चिडवत, "काय वहिनी, आज किती जिवंत केली?" 'मामाला मिळो, चारमिनारच्या मागं, हिरवा दरवाजा' एवढ्या पत्त्यावरून तिनं टेबलावर बसूनच मामा शोधून काढला होता. त्या भागात हिरवे दरवाजे अकरा होते.

"पत्र हरवत नसतं," बसमध्ये ती मला म्हणाली. "ते एकतर पोचतं, नाहीतर परत जातं, नाहीतर कुठंतरी पडून राहतं. आपण फक्त कुठं ते विचारायचं."

दिलसुखनगरला तेव्हा जिन्याजिन्यावर कॉम्प्युटरची जावा भाषा शिकवत. विकीचा कॅफे दुसऱ्या मजल्यावर, एका बाजूला क्लास आणि दुसऱ्या बाजूला खानावळ. सहा मशीन, सहा खुर्च्या आणि सांबाराचा वास. आम्ही पोचलो तेव्हा विकी गल्ल्यावर डोकं धरून बसला होता आणि चारुलता कोपऱ्यातल्या खुर्चीत रुमालानं डोळे पुसत होती. बातमी त्या जिन्यावर पसरली होती, कारण एक मशीन सोडता कॅफे रिकामा होता.

"काकी, आईची आण," विकी म्हणाला. "बॉक्स फुल होता बोलून मी डिलीट मारलो. कचरा होता सगळा. ह्यात चारूचं काय असंल तर मी बघितलोच असतो ना."

"पुसलेली पत्रं जातात कुठं?"

"कचऱ्याच्या पेटीत. ती मी अजून खाली केलो नाही."

"शहाणा आहेस," ती म्हणाली. "कचऱ्याला कुणी हात लावू नका. आणि पेटी भरल्यावर जे पत्र येतं, त्याचं काय होतं?"

विकीनं खांदे उडवले. "गायब होतं काकी."

"गायब म्हणजे कुठं?"

"काय की," तो म्हणाला. हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसावा.

तेवढ्यात कुलदीप आला. तो दिलसुखनगरलाच हॉस्टेलवर राहायचा आणि संध्याकाळी अफझलगंजला एकनाथरावांच्या बियाण्यांच्या दुकानात बसायचा. त्यानंही त्याच कंपनीची परीक्षा दिली होती आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता. केसरनं त्याला समोर बसवलं.

"तुला पासवर्ड ठाऊक आहे?"

"हौ काकू, ठाऊक आहे. चारूनंच दिला, तिचा फॉर्म मी भरलो होतो ना. पण मी कैकू तिची मेल पुसू?"

"तुला नाही घेतलं, तिला घेतलं. वाईट वाटलं असेल."

कुलदीप लाल झाला. "वाटलं. दोन दिवस जेवलो नाही. पण ती बहीण आहे माझी," तो म्हणाला, आणि खिडकीकडे बघत बसला. खरं सांगतोय की छान बोलतोय, ते मला ठरवता येईना.

मग केसरनं विकीला मशीनवर बसवलं आणि आपण शेजारी खुर्ची ओढली. "कचऱ्यातली सगळी पत्रं वाच. पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाचल्याशिवाय पत्र टाकायचं नाही, असा आमच्याकडं नियम होता."

विकीनं पहिलं पत्र उघडलं, दुसरं उघडलं, दहा उघडली आणि खुर्चीत मागं सरकला. "काकी," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यातलं एक पण चारूला नाही. सगळी एका चिन्याला आलीत."

३

"डिअर मिस्टर कू," विकी वाचू लागला, "आपले केस गळतात का?"

मिस्टर कूंचे केस गळत होते. मिस्टर कूंचं वजन वाढलेलं होतं आणि बारा आठवड्यांत ते सोळा किलोंनी उतरवून मिळणार होतं. मिस्टर कू कर्जात होते, पण त्यांनी लाजू नये, अशी एका अमेरिकन बँकवाल्याची विनंती होती. परीक्षा न देता त्यांना विद्यापीठाची पदवी आठ दिवसांत घरपोच मिळणार होती. हे ऐकून तीन वर्षं रात्रंदिवस अभ्यास केलेल्या चारुलतेला त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. आफ्रिकेतल्या एका जनरलच्या विधवेनं मिस्टर कूंना प्रिय बंधू म्हटलं होतं आणि नवऱ्याची ठेव त्यांच्याकडे ठेवायला ती तयार होती.

"बाई खोटी आहे," केसर म्हणाली. "नवरा जाऊन पंधरा दिवस झाले म्हणते आणि तो कशानं गेला ते सांगत नाही. खरी विधवा आधी तेच सांगते."

काही पत्रं अशी होती की विकी ती न वाचताच पुढं ढकलू लागला.

"वाच," केसर म्हणाली. "मी तेहतीस वर्षं नवराबायकोंची पत्रं वाचलीत."

"औषधाची जाहिरात आहे काकी."

"कशावरचं औषध?"

विकीनं मदतीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. "ताकदीचं," तो कसाबसा म्हणाला.

केसरनं वहीत नोंद केली. "हा कू फार आजारी माणूस दिसतो. केस नाहीत, ताकद नाही, वजन जास्त, वर कर्ज. आणि तरी सगळं जग त्याचं अभिनंदन करतंय."

ते खरं होतं. निम्म्याहून जास्त पत्रांची सुरुवात अभिनंदनानं होत होती. मिस्टर कूंची निवड झाली होती. लाखातून त्यांना निवडलं होतं, मोटारीसाठी, सहलीसाठी, रंगीत टीव्हीसाठी. दुपारचा चहा झाला, खानावळीतून भजी आली, आणि सातच्या सुमाराला आम्ही तळाशी पोचलो. कंपनीचं पत्र त्या चारशे सतरांत नव्हतं. पुसल्यामुळं ते गेलं नव्हतं एवढं त्यावरून सिद्ध झालं, पण ते आमच्या फायद्याचं नव्हतं. शोधून काढून एकच पत्र मुद्दाम नाहीसं केलं, असं आता एकनाथराव म्हणणार होते, आणि ती किल्लीची गोष्ट तशीच उभी होती. हातात पुरता एक दिवसही उरला नव्हता.

"सगळ्यात जुनं पत्र कुठलं?" केसरनं विचारलं.

जुनं पत्र गेल्या शनिवारच्या दुपारचं होतं. कुठल्याशा बक्षिसाच्या योजनेत नाव नोंदवल्याबद्दल स्वागत, आणि खाली भरलेल्या माहितीतल्या पहिल्या नावाची आणि पत्त्याची नक्कल. केसरनं चष्मा बदलला आणि नाक काचेला लागेपर्यंत पुढं वाकली.

"हे काय आहे?" तिनं बोट ठेवलं.

"कू. नाव आहे."

"के, यू, आणि त्याच्यापुढं टिंब. दिवसभरात हे टिंब तू एकदाही वाचलं नाहीस."

"टिंब कोण वाचतं काकी?"

केसर एव्हाना खालच्या ओळीवर गेली होती. तिथं पत्ता नव्हता, नुसता पिनकोड होता. हैदराबादचा कुठलाही पिनकोड शेवटच्या दोन आकड्यांवरून ओळखणारी माणसं या शहरात फार नसतील. त्यातली एक माझ्या घरी स्वयंपाक करते, हे मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

"शेवटी बारा," ती म्हणाली. "म्हणजे अफझलगंज."

चारुलतेनं तोंडावर हात घेतला. अफझलगंजला तिच्या वडिलांचं दुकान, आणि तिथं संध्याकाळी कोण बसतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुलदीप मघाशीच दुकानाकडं निघून गेला होता.

विकी उभा राहिला. "कू चिनी नाही काकी," तो म्हणाला. "कू म्हणजे कुलदीप."

४

शनिवारी सकाळी दहाला सगळे कॅफेत जमले. एकनाथराव चारुलतेबरोबर आले. त्यांनी विकीकडं पाहिलं नाही आणि मीही त्यांच्याकडं पाहिलं नाही. कुलदीपला हॉस्टेलवरून बोलावून घेतलं होतं. कूचं प्रकरण त्याच्या कानावर जाताच तो पांढराफटक पडला.

"मामा, मी नाही," तो म्हणाला. "मी असा फॉर्म भरीन का? माझंच नाव घालीन का?"

"मग बाराचा पिनकोड कुणी घातला?" एकनाथराव म्हणाले. आवाज चढला होता, पण त्यात कालची खात्री नव्हती. भाच्यावर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "दुकानात तू बसतोस. बोल ना."

"थांबा," केसर म्हणाली. "भाऊजी, तुम्ही काल किल्ली किल्ली म्हणत होता. तुमच्या दारावर पत्राची पेटी आहे. पत्र बाहेर काढायला किल्ली लागते. आत टाकायला लागते का?"

"नाही."

"मग? चारूच्या पेटीतून कुणी काही काढलंच नाही. कुणीतरी तिच्यात टाकायची सोय केली, इतकी की पेटी भरून गेली आणि खरं पत्र आत शिरू शकलं नाही. त्याला पासवर्ड लागत नाही. नुसता पत्ता लागतो. म्हणजे आपण तिघांनाच धरून बसलो होतो, ते चुकलं."

विकीनं जोरात श्वास सोडला.

केसरनं पर्समधून चार कोरे कागद काढले आणि चौघांना वाटले, चारुलतेलाही. "समजा हिला नोकरीच्या गावी पार्सल पाठवायचंय. हिचं नाव लिहा. इंग्रजी अक्षरांत, रीतसर, वर लिहितात तसं."

"ह्यानं काय होणार वहिनी?" एकनाथराव म्हणाले.

"पार्सल कोण पाठवणार ते कळेल," ती म्हणाली. "लिहा."

सगळे लिहू लागले. विकीनं क्षणात लिहून दिलं. कुलदीपनं एकदा खोडून पुन्हा लिहिलं. एकनाथरावांनी खिशातलं पेन काढलं, टोपण मागं लावलं, आणि दुकानाच्या पावतीवर लिहावं तसं वळणदार अक्षर काढलं. केसरनं चारही कागद घेतले आणि खिडकीशी जाऊन एकेक वाचले. मी मागून डोकावलो.

विकीनं लिहिलं होतं नुसतं चारुलता. चारुलतेनं आडनावासकट तेच. कुलदीपनं पुढं मिस लावलं होतं, आणि हैदराबादी पोरांच्या सवयीनं ता मध्ये एक जादा एच घुसवला होता. चौथ्या कागदावर नावाच्या आधी दोन अक्षरं होती, आणि त्यांच्यापुढं ठसठशीत टिंब.

के, यू, टिंब.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मला स्वतःची लाज वाटली. सबंध दिवस ते नाव ऐकून मला चीन आठवला होता, आणि माझ्या लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर तेच छापलेलं होतं. कु. म्हणजे कुमारी.

"तेलुगूवाले कुम. लिहितात," केसर फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली. "आजची पोरं मिस लिहितात, नाहीतर काहीच नाही. नुसतं कु. आपण लिहितो, जुनी मराठी शिकलेली माणसं. लग्न न झालेल्या मुलीचं नाव त्याच्याशिवाय लिहिलं तर आपल्याला उघडंबोडकं वाटतं. पहिल्या चौकटीत कु., पुढच्या चौकटीत चारुलता लिहिलं असणार. मशीनला वाटलं नावच कु. आहे. आणि मिस्टर आधीपासून तिथं होतं, ते बदलायचं त्या माणसाला सुचलं नाही."

"मग सांग ना सगळ्यांना," मी म्हणालो. माझा राग अजून निवला नव्हता.

तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वळली. "विकी नाही आणि कुलदीप पण नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "माणूस सापडला. पण आधी पत्र. भाऊजी, खाली एसटीडी बूथवर चला माझ्याबरोबर."

५

बूथमध्ये केसर आणि दारात आम्ही दोघं. पलीकडं कंपनीतली एक मुलगी होती. शुक्रवारी चारुलतेनं फोन केला तेव्हा तिनंच सांगितलं होतं, सगळ्यांना पाठवलंय, आपल्या मेलबॉक्समध्ये बघा. आजही ती तेच म्हणाली.

"मॅडम," केसर तिच्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणाली, "मी हैदराबादच्या रिटर्न्ड लेटर ऑफिसमधून बोलते आहे." निवृत्त हा शब्द तिनं गाळला. "तुम्ही पाठवलेलं पत्र बघू नका. तुमच्याकडं परत आलेली पत्रं बघा. गुरुवारची. पेटी भरलेली असल्यामुळं परत, असा शेरा असेल."

पलीकडं ती शोधायला गेली. मीटरचे आकडे पळत होते आणि एकनाथराव ते बघत होते. मग आवाज आला, आणि केसरनं डोळे मिटून मान हलवली. पत्र होतं. परत आलेल्या मेलच्या ढिगात दोन दिवस पडून होतं, आणि तो ढीग तिथं कुणी उघडत नसे. मुलगी म्हणाली, अर्ध्या तासात पुन्हा पाठवते.

फोन ठेवून केसर बाहेर आली आणि घडी केलेला कागद तिनं एकनाथरावांच्या हातात दिला. "भाऊजी, परवा तुम्ही म्हणालात..." ती थांबून हसली. या शहरात आम्ही होऊन गेलेल्या कुठल्याही दिवसाला परवा म्हणतो. "काल म्हणालात की निवड झाल्याचं पत्र आलं होतं, पक्कं माहीत आहे. वंदनाचं ऐकलेला माणूस 'यायला हवं होतं' म्हणेल. 'आलं होतं' असं कोण म्हणेल? ज्यानं वाचलं तो."

एकनाथरावांनी कागद उघडला. स्वतःचंच अक्षर त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं.

"चारू तापात होती," ते म्हणाले. "मी तिच्याकडनं पत्ता लिहून घेतलो आणि दुकानामागच्या इंटरनेटवाल्याकडं गेलो. पत्ता दाखवला की पत्र देतील असं वाटलं. त्यानं मला मशीनपुढं बसवलं आणि तो चहाला गेला. समोर पट्टी लुकलुकायली होती. अभिनंदन, आपली निवड झाली आहे." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "वहिनी, मला तिथंच रडू आलं. आमच्या अख्ख्या उदगीरच्या घराण्यात शेताबाहेर पहिली पोरगी. खाली नाव, ई-मेल, पिनकोड विचारलं होतं, पिनकोड दुकानाचा टाकून मी भरलो. तर दुसरं आलं, अभिनंदन. ते पण भरलो. खाली चौकटी होत्या, सगळ्यांवर खुणा केलो. चौदा भरलो. मला वाटलं, माझ्या पोरीला चौदा जागी निवडलंय."

"तिला सांगितलं का नाही?"

"तिनं स्वतः वाचावं आणि मला येऊन सांगावं, असं वाटलं. तो आनंद तिचा होता."

मला हसायचं होतं. चौदा जाहिराती आणि चारशे सतरा पत्रं, हसण्यासारखंच होतं ते. पण समोर एक बाप उभा होता आणि मला हसू आलं नाही.

"ह्यातलं कुणाला काही सांगायची गरज नाही," केसर म्हणाली. "मशीन बिघडलं होतं म्हणू."

एकनाथरावांनी कागद खिशात ठेवला आणि ते जिना चढू लागले. वर आता कोपऱ्यातलं सोडून बाकी पाचही मशीनवर गिऱ्हाइकं होती, क्लासची पोरं दारात उभी होती. ते मधोमध जाऊन उभे राहिले.

"विकी, काल मी तुला चोर बोललो," ते म्हणाले. "चोर कुणी नव्हता. एक अडाणी माणूस होता, आणि तो मी होतो. कुलदीप, तुझ्यावर पण सकाळी संशय घेतलो. चारू, पेटी मी भरली. कसं ते घरी सांगतो, तू हसशील." मग ते माझ्याकडं वळले. "उत्तमराव, काल तुमच्या दारात मी एक वाक्य अर्धं सोडलं. तोंडातून निघालं नाही, पण मनात आलं होतं. त्याची माफी मागतो."

सगळ्यांसमोर, भरल्या कॅफेत. अफझलगंजच्या बाजारात ज्याच्या शब्दावर पोती उचलली जातात, असा तो माणूस आहे. मी पुढं झालो आणि त्यांचा हात धरला. बावीस वर्षांत मी त्यांना मोठा माणूस कधी म्हटलं नव्हतं, तिथं म्हटलं. विकी म्हणाला, "बसा काका, चहा सांगतो," आणि त्याचे डोळे भरले म्हणून तो स्वतःच चहा सांगायला गेला.

साडेबाराला चारुलता कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. पेटीत एकच पत्र होतं. तिनं ते उघडलं. आम्ही मागं उभे होतो, पण केसर वळसा घालून मशीनच्या पलीकडं, भिंतीला टेकून उभी राहिली. तिथून पडदा दिसत नव्हता.

चारुलतेचे ओठ हलत होते. अर्ध्यावर आल्यावर ते थांबले. मग तिचा चेहरा हळूहळू असा उजळला की मागं बसलेलं एक अनोळखी पोरगंही उगीच हसायला लागलं. तिनं वडिलांचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि एका हातानं उत्तर टाइप करायला घेतलं. सहा वाजायला साडेपाच तास होते.

मी केसरकडं गेलो. तिनं चष्मा काढला होता, पण तो पुसत नव्हती. हातात धरून नुसती बघत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझ्या बायकोनं हजारो पत्रं मार्गी लावली; पण तिच्या टेबलावरून ती पुढं जात आणि पोस्टमनच्या हातानं पोचत. पत्र मिळालेला माणूस तिनं कधी पाहिलाच नव्हता.

"मला तुझा अभिमान वाटतो," मी म्हणालो. सदतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं.

तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिचे डोळे चारुलतेवरच होते.

"हे असं दिसतं होय," ती म्हणाली. "ठाऊक असतं तर मी इतक्या लवकर रिटायर झाले नसते."